एका फळीवरचे दोन देश

झाग्रेबच्या इलित्सा रस्त्यावर जुन्या पुस्तकांच्या दुकानात शिरलं, की कथा-कादंबऱ्यांच्या कपाटात क्रोएशियन आणि सर्बियन पुस्तकं एकमेकांना खेटून उभी दिसतात. बेलग्रेडच्या क्नेझ मिहाइलोवा रस्त्यावर विक्रेते पुस्तकं मांडून बसतात, तिथेही तेच. क्र्लेझाच्या शेजारी आंद्रिच, त्याच्या शेजारी सेलिमोविच, मध्येच दानिलो किशचं एखादं सुटं पुस्तक. एरवी या दोन देशांत ही नावं इतक्या सहजपणे एकत्र येत नाहीत. शाळांची पाठ्यपुस्तकं वेगळी, वाङ्मयाचे इतिहास वेगळे, शब्दकोशही वेगळे. लेखकांची वाटणी होऊन गेली आहे आणि काहींच्या बाबतीत ती अजून चालूच आहे. जुनी पुस्तकं विकणाऱ्याने मात्र ही वाटणी कधी मनावर घेतली नाही. त्याच्याकडे घरंच्या घरं रिकामी होऊन येतात, आणि त्या घरांत ही सगळी पुस्तकं एकाच कपाटात होती.

झाग्रेबमध्ये या दुकानाला आंतिक्वारियात म्हणतात, बेलग्रेडमध्ये आंतिक्वारनित्सा. इथली सामाजिक आणि राजकीय कादंबरी समजून घ्यायची असेल, तर नव्या आवृत्तीपेक्षा अशा दुकानातली वापरलेली प्रत जास्त बोलते असं मला वाटतं. कादंबरी सत्तेबद्दल काय म्हणते ते आतल्या पानांत असतं. सत्तेने त्या कादंबरीचं काय केलं ते मुखपृष्ठाच्या आत, शिक्क्यांत आणि श्रेयनामावलीत सापडतं.

अशी एखादी प्रत हातात घेऊन पाहा. कापडी बांधणी, वरचं कागदी वेष्टण बहुधा हरवलेलं. पहिल्या पानावर ग्रंथालयाचा गोल शिक्का: कधी गावातल्या वाचनालयाचा, कधी कारखान्यातल्या कामगार संघटनेच्या ग्रंथालयाचा. त्यावर दुसरा शिक्का, हे पुस्तक नोंदवहीतून काढून टाकलं आहे असं सांगणारा. शेवटच्या पानावर मुद्रक, संपादक, मुद्रितशोधक यांची नावं आणि किती प्रती छापल्या तो आकडा. कोपऱ्यात दुकानदाराने पेन्सिलीने लिहिलेली किंमत. क्रोएशियात ही किंमत कधीकाळी दिनारमध्ये होती, मग कुनामध्ये आली आणि १ जानेवारी २०२३ पासून युरोत. पुस्तक जागचं न हलता तीन चलनं पाहून झालं.

इतकी पुस्तकं आली कुठून? समाजवादी युगोस्लाव्हियात प्रकाशन संस्था मोठ्या होत्या आणि त्या सगळ्या गणराज्यांत पसरलेल्या होत्या. बेलग्रेडमध्ये प्रोस्वेता, नोलित आणि बिग्झ, झाग्रेबमध्ये म्लादोस्त, झोरा आणि झ्नान्ये, सारायेवोमध्ये स्व्येतलोस्त आणि वेसेलिन मास्लेशा, नोवी सादमध्ये मातित्सा स्र्प्स्का. यांतल्या नोलितची कथा वेगळी सांगायला हवी. १९२८ मध्ये बिहाली बंधूंनी ती डाव्या विचारांच्या नव्या साहित्यासाठी सुरू केली आणि १९४१ मध्ये जर्मन फौजांनी बेलग्रेड घेतल्यावर पावले बिहालीला गोळ्या घालून मारण्यात आलं. राजकीय पुस्तकं छापण्याची किंमत या शहराला फार आधीपासून ठाऊक होती.

युद्धानंतर या संस्थांचे फिरते विक्रेते दारोदार जाऊन समग्र वाङ्मयाचे संच हप्त्यांवर विकत. दिवाणखान्याच्या भिंतीवरच्या कपाटात एकाच रंगाच्या पाठींचा तो संच लावणं ही सुशिक्षित घराची खूण होती. आंद्रिचचं दहा खंडांतलं समग्र वाङ्मय १९६३ मध्ये निघालं तेव्हा बेलग्रेड, झाग्रेब, सारायेवो आणि ल्युब्ल्याना इथल्या चार संस्थांनी ते मिळून काढलं. क्र्लेझा अस्सल झाग्रेबचा, पण सत्तरच्या दशकातला त्याचा मोठा संच सारायेवोमध्ये छापला गेला. म्हणूनच आज आजी-आजोबांचं घर विकायची वेळ आली की वारसदार हे संच आंतिक्वारियातमध्ये आणून देतात. ज्या घरात पाहावं तिथे हे संच असल्यामुळे त्यांना भाव नाही. नोबेल मिळालेल्या आंद्रिचचं जवळजवळ सगळं लेखन तिथे अगदी कमी पैशांत घरी नेता येतं.

आंद्रिचपासूनच वाटणीचा प्रश्नही सुरू होतो. १८९२ मध्ये बोस्नियातल्या त्राव्हनिकजवळ त्याचा जन्म, आईवडील क्रोएट कॅथलिक, पुढचं आयुष्य बेलग्रेडमध्ये आणि लेखनाची धाटणीही नंतर सर्बियन वळणाची. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात त्याने बेलग्रेडमधल्या खोलीत बसून लिहिलं आणि शहर शत्रूच्या ताब्यात असेपर्यंत काहीही छापू दिलं नाही. ‘द्रिना नदीवरचा पूल’ आणि ‘त्राव्हनिकची बखर’ या दोन्ही कादंबऱ्या १९४५ मध्येच बाहेर आल्या. १९६१ च्या सप्टेंबरात अलिप्त राष्ट्रांची पहिली परिषद बेलग्रेडला भरली, नेहरू तिथे होते, आणि त्याच वर्षी आंद्रिचला नोबेल मिळालं. पारितोषिकाची रक्कम त्याने बोस्निया-हर्झगोव्हिनातल्या ग्रंथालयांसाठी दिली. आज क्रोएट, सर्ब आणि बोस्नियन मुस्लिम हे तिन्ही समाज त्याच्यावर हक्क सांगतात, किंवा त्याच्यावर चिडतात. सेलिमोविचच्या बाबतीतही तसंच. तो बोस्नियातल्या मुस्लिम कुटुंबातला. १९७६ मध्ये त्याने सर्बियन अकादमीला पत्र लिहून कळवलं, की जन्माने आपण बोस्नियन मुस्लिम असलो तरी साहित्यिक म्हणून सर्बियन वाङ्मयाचे आहोत. या पत्रावर आजही वाद होतात.

पण खरी गोष्ट या कादंबऱ्यांच्या आत आहे. मिरोस्लाव क्र्लेझाची ‘ना रुबु पामेति’ १९३८ ची. नाव मराठीत सांगायचं तर ‘अकलेच्या काठावर’. नायक एक प्रतिष्ठित वकील, त्याला नाव दिलेलंच नाही. एका बड्या कारखानदाराच्या मळ्यावर जेवणावळ चालू आहे. यजमान रंगात येऊन सांगतो, की १९१८ च्या गोंधळात माझ्या दारूच्या तळघरात शिरलेल्या चौघांना मी कुत्र्यांसारखं गोळ्या घालून मारलं. पाहुणे माना डोलावतात. वकील मोठ्याने म्हणतो, हा गुन्हा आहे, हे नैतिक वेड आहे. एवढंच. इथून पुढे त्याचं आयुष्य उद्ध्वस्त होत जातं: आधी बायको, मग मित्र, मग बदनामीचा खटला आणि तुरुंग. कुठलीही गुप्त चळवळ नाही, बॉम्ब नाही. सगळ्यांना ठाऊक असलेली गोष्ट एका माणसाने जेवणाच्या टेबलावर बोलून दाखवली आणि सबंध शहर त्याच्यावर उलटलं. मध्यमवर्गाच्या गप्प बसण्याबद्दल इतकं नेमकं लिहिलेलं मी फार थोडं वाचलं आहे. पुढे १९५२ मध्ये ल्युब्ल्यानाच्या लेखक-संमेलनात याच क्र्लेझाने साहित्य कम्युनिस्ट पक्षाच्या साच्यातून मोकळं करावं अशी बाजू मांडली. तो पक्षाच्या जवळचा होता, म्हणून ते बोलणं निभावलं.

मेशा सेलिमोविचच्या ‘दरवेश आणि मृत्यू’ या कादंबरीतला काळ तुर्की अमलाखालच्या बोस्नियातला. अहमद नुरुद्दीन हा एका मठाचा शेख. त्याच्या भावाला अटक होते. कारण काय, तर काझीच्या कचेरीत कारकुनी करताना त्याच्या हाती एक कागद लागतो: चौकशी व्हायच्या आधीच लिहून ठेवलेली चौकशीची हकिकत. शेख न्यायासाठी दारोदार फिरतो, भाऊ मारला जातो, शेख बदला घेण्यासाठी सत्तेच्या वाटेवर जातो आणि शेवटी स्वतः काझी होऊन आपल्या जिवलग मित्राच्या अटकेच्या हुकमावर सही करण्याच्या टोकाला येतो. १९६६ मध्ये ती आली आणि त्याच वर्षीचं निन पारितोषिक तिला मिळालं. निन हे बेलग्रेडचं साप्ताहिक. १९५४ पासून ते वर्षातल्या उत्तम कादंबरीला पारितोषिक देत आलं आहे.

शेख आणि त्याच्या भावाच्या या गोष्टीमागे सेलिमोविचचा स्वतःचा भाऊ आहे. शेफ्किया हा जर्मनांविरुद्ध लढणाऱ्या कम्युनिस्टांच्या पार्टिझान फौजेतला अधिकारी. १९४४ च्या अखेरीस त्याने सरकारी गोदामातून आपल्या घरासाठी पलंग, कपाट असं थोडं सामान घेतलं. त्याची बायको छळछावणीतून परतणार होती आणि घरात काहीच उरलेलं नव्हतं. त्याच्याच बाजूच्या लष्करी न्यायालयाने त्याला गोळ्या घालायची शिक्षा दिली आणि ती अमलात आली. मेशाही त्याच फौजेत होता. बावीस वर्षांनी त्याने ते दुःख अठराव्या शतकातल्या दरवेशाच्या अंगावर चढवलं. तुर्की काळाचं आवरण घेतल्याशिवाय त्या काळी ते लिहिता आलं नसतं. आपल्या आठवणींच्या पुस्तकात त्याने पुढे ही हकिकत उघड सांगितली. ही दोन पुस्तकं जुन्या दुकानात एकत्र मिळाली तर एकत्रच घ्यावीत.

युगोस्लाव्हियात पुस्तक छापण्यापूर्वी तपासणारं सरकारी खातं नव्हतं. हे वाचून पुष्कळांना आश्चर्य वाटतं. काम वेगळ्या पद्धतीने चाले. संपादक स्वतःच हात आखडता घेई, संस्थेची समिती बाड अडवून ठेवी, आणि पुस्तक निघालंच तर सरकारी वकील न्यायालयाकडून बंदी आणू शके. याहून जालीम उपाय म्हणजे वरून आलेलं एखादं भाषण. १९५० मध्ये ब्रान्को चोपिचने ‘येझ’ या विनोदी साप्ताहिकात ‘पाखंडी गोष्ट’ लिहिली. समुद्रकिनाऱ्यावरच्या बंगल्यात सुट्टी घालवणारे नवे सत्ताधारी आणि त्यांचे नातेवाईक हा तिचा विषय. चोपिच स्वतः पार्टिझान होता, मुलांचा अतिशय लाडका लेखक होता. तरी खुद्द देशाचा सर्वोच्च नेता टिटो याने त्या गोष्टीवर जाहीर टीका केली आणि मग चोपिचच्या मागे पक्षाचा ससेमिरा लागला. १९८४ मध्ये बेलग्रेडच्या सावा नदीवरच्या पुलावरून उडी घेऊन त्याने जीव दिला.

द्रागोस्लाव मिहाइलोविचची ‘भोपळ्याला फुलं आली तेव्हा’ ही १९६८ ची कादंबरी. बेलग्रेडच्या एका वस्तीतला मुष्टियोद्धा ल्युबा स्वीडनमधून आपली कहाणी सांगतो, तीही रस्त्यावरच्या रांगड्या बोलीत. त्या कहाणीत गोली ओतोकची सावली येते. १९४८ मध्ये टिटो आणि स्टालिन यांचं फाटलं. त्यानंतर स्टालिनच्या बाजूचे म्हणून, किंवा तसा नुसता संशय आला म्हणून, हजारो माणसांना एड्रियाटिक समुद्रातल्या या उजाड बेटावर दगड फोडायला पाठवण्यात आलं. मिहाइलोविच तरुणपणी स्वतः तिथे कैदी होता. कादंबरी विकत मिळत होती. पण १९६९ मध्ये तिचं नाटक रंगमंचावर आलं, टिटोने त्यावर नाराजी दाखवली आणि नाटक उतरवलं गेलं. एकच मजकूर पुस्तकात चालतो आणि रंगमंचावर चालत नाही, यावरून त्या सत्तेला कशाची भीती वाटत होती ते कळतं: घरात एकट्याने वाचणाऱ्याची कमी, सभागृहात एकत्र बसून ऐकणाऱ्यांची जास्त. बेटाबद्दल उघडपणे बोलणाऱ्या कादंबऱ्या टिटोच्या मृत्यूनंतर, ऐंशीच्या दशकात आल्या. अन्तोनिये इसाकोविचच्या ‘त्रेन २’ ला १९८२ चं निन पारितोषिक मिळालं ते त्या बदललेल्या हवेत.

बोरिस्लाव पेकिचबद्दल थोडं जास्त लिहायचा मोह होतो. शाळकरी वयात विद्यार्थ्यांच्या गुप्त संघटनेत होता म्हणून त्याने पाच वर्षं तुरुंगात काढली. ‘आर्सेनिये न्येगोवानची तीर्थयात्रा’ ही १९७० मधली त्याची कादंबरी एका घरमालकाची आहे. बेलग्रेडमधल्या आपल्या इमारतींवर तो माणसांपेक्षा जास्त प्रेम करतो आणि त्यांना बायकांची नावं देतो. जर्मनीशी केलेल्या कराराविरुद्ध मार्च १९४१ मध्ये झालेल्या निदर्शनांच्या धक्क्याने तो घरात बसतो तो सत्तावीस वर्षं बाहेरच पडत नाही. मधे युद्ध झालं, राज्य बदललं, मालमत्ता सरकारजमा झाली, यांतलं काही त्याला घरच्यांनी सांगितलेलं नाही. जून १९६८ मध्ये तो आपल्या इमारती पाहायला काठी टेकत निघतो आणि विद्यार्थ्यांच्या मोर्चात सापडतो. त्याला वाटतं, हा तोच जुना मोर्चा अजून चाललाय. ज्याच्यावर लेखकाला हसता आलं असतं त्या म्हाताऱ्याला पेकिचने इतकं समजून घेतलं आहे, की वाचणाराही त्याच्या गोंधळात सामील होतो. दुसऱ्याच वर्षी पेकिच लंडनला गेला.

दानिलो किशचं ‘बोरिस दाविदोविचसाठी एक थडगं’ १९७६ मध्ये आलं. विषय स्टालिनच्या छळछावण्या, रचना सात कथांची, आणि उपशीर्षकात तो त्यांना एका सामायिक इतिहासाची प्रकरणं म्हणतो. उसनवारीचा आरोप करून बेलग्रेडच्या साहित्यवर्तुळातल्या काहींनी त्याला घेरलं. त्याला उत्तर म्हणून त्याने १९७८ मध्ये एक अख्खं पुस्तक लिहिलं आणि पुढे तो पॅरिसला जाऊन राहिला. त्या कथांच्या पहिल्या आवृत्तीवर दोन प्रकाशकांची नावं आहेत: झाग्रेबची लिबर आणि बेलग्रेडची बिग्झ.

ही भागीदारी १९९१ मध्ये युगोस्लाव्हिया फुटू लागल्यावर तुटली. युद्धात दोन्ही शहरांमधली वाहतूक आणि पुस्तकांचा व्यवहार थांबला. क्रोएशियात नव्वदच्या दशकात ग्रंथालयांतून सर्बियन लेखकांची, सिरिलिक लिपीतली, बेलग्रेडला छापलेली आणि डाव्या विचारांची पुस्तकं मोठ्या प्रमाणावर काढून टाकली गेली. काही कागदाच्या लगद्यासाठी गेली, काही थेट कचऱ्यात. १९९७ मध्ये कोर्चुला बेटावर ग्रंथालयाची पुस्तकं कचऱ्याच्या पेटीत टाकलेली सापडली आणि ते प्रकरण वर्तमानपत्रांत गाजलं. अर्थशास्त्रज्ञ आन्ते लेशायाने या विषयावर २०१२ मध्ये जाडजूड ग्रंथ लिहिला, त्यात नष्ट झालेल्या पुस्तकांचा त्याचा अंदाज सुमारे २८ लाख आहे. तिकडे सर्बियात त्याच काळात महागाईने लोकांचं कंबरडं मोडलं. १९९३ मध्ये ५०० अब्ज दिनारची नोट निघाली, आणि तिच्यावर चित्र होतं योवान योवानोविच झ्माय या कवीचं.

नोंदवहीतून काढल्याचा तो दुसरा शिक्का ग्रंथालयांच्या या साफसफाईमुळे नीट पाहायचा असतो. जगातलं प्रत्येक ग्रंथालय फाटकी आणि जास्तीची पुस्तकं काढतं, त्यात वावगं काही नाही. पण प्रत धडधाकट असेल, लेखक सर्बियन असेल आणि पुस्तक नव्वदच्या दशकात बाहेर पडलेलं असेल, तर ते दुकानात कसं पोचलं याचा विचार करावा लागतो. लगद्यात जाण्याऐवजी ते कुणीतरी उचललं आणि विकायला आणलं. यात काहींनी पोटासाठी उचललं असेल, काहींनी पुस्तकाच्या मायेने. दोन्हीचा परिणाम एकच झाला. ज्या संस्थांनी सांभाळायचं त्यांनी टाकून दिलं, आणि पैशासाठी धंदा करणाऱ्या दुकानदारांकडे ते टिकलं. या दुकानांबद्दलचा माझा आदर इथून येतो.

त्यातच प्रोस्वेता, नोलित, म्लादोस्त या संस्था खासगीकरणाच्या आणि दिवाळखोरीच्या धांदलीत मोडल्या. आंद्रिच, सेलिमोविच, किश यांना नवे प्रकाशक मिळत राहिले. दुसऱ्या फळीतले सामाजिक कादंबरीकार, म्हणजे कारखान्यातल्या, खेड्यातल्या, जर्मनीला कामाला गेलेल्या मजुरांच्या गोष्टी लिहिणारे, बरेचसे पुन्हा छापले गेले नाहीत. ते वाचायचे तर जुनी प्रत हीच वाट. कादंबरीकार दुब्राव्का उग्रेशिचचंही काही काळ असंच झालं. १९८८ चं निन पारितोषिक तिला मिळालं, आणि ते मिळवणारी ती पहिली स्त्री. क्रोएशियातल्या राष्ट्रवादावर टीका केल्याबद्दल १९९२ मध्ये तिच्यासह पाच लेखिकांना वर्तमानपत्रांतून ‘चेटकिणी’ ठरवण्यात आलं आणि पुढच्या वर्षी तिने देश सोडला. २०२३ मध्ये ती ॲम्स्टरडॅममध्ये वारली.

एक अडचण मात्र दुकानदारालाही सोडवता येत नाही, ती लिपीची. भाषेचं व्याकरण जवळजवळ एक, शब्दसंग्रहातला फरक वाचकाला सहज झेपणारा. सर्बियन सिरिलिकमध्येही लिहितात आणि लॅटिनमध्येही. क्रोएशियन फक्त लॅटिनमध्ये. १९५४ च्या नोवी सादच्या करारात ही एकच भाषा मानली गेली, १९६७ मध्ये झाग्रेबच्या लेखकांनी आणि संस्थांनी क्रोएशियन भाषेच्या वेगळ्या नावासाठी जाहीरनामा काढला, त्यावर क्र्लेझाची सही होती. २०१७ मध्ये पुन्हा ही भाषा बोलणाऱ्या चार देशांतल्या लेखक-अभ्यासकांनी सारायेवोत सामायिक भाषेचा जाहीरनामा मांडला. जाहीरनामे येत-जात राहिले, पण क्रोएशियातल्या शाळांतून बहुसंख्य मुलांसाठी सिरिलिक गेली ती गेलीच. १९९१ पूर्वी शिकलेला झाग्रेबकर दोन्ही लिप्या वाचतो. त्याचा मुलगा आजोबांच्या कपाटातलं अर्धंअधिक वाचू शकतो, उरलेलं नाही. म्हणून इंटरनेटवर जुनी पुस्तकं विकणारे बेलग्रेडचे विक्रेतेदेखील नोंदीत लेखकाचं नाव, वर्ष आणि बांधणी यांच्या जोडीने एक रकाना भरतात: लिपी कोणती. झाग्रेबहून मागवणारा आधी तो रकाना पाहतो. बेलग्रेडला छापलेली पण लॅटिन लिपीतली पुस्तकं सुदैवाने पुष्कळ आहेत. नोलितने आणि बिग्झने ती दशकानुदशकं काढली. पेकिच, किश यांच्या त्या प्रती अजूनही सीमेपलीकडे पार्सलने जातात, आणि वाचल्याही जातात.